लोखंडाचे दफ्तर

इसवी सन १९१० या वर्षाचा धांडोळा घेऊ लागले म्हणजे महाराष्ट्राच्या जीवनात त्या एका वर्षी झालेले दोन आरंभ शेजारी शेजारी उभे राहतात. मार्च महिन्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकालगतच्या, निवडुंगाने व्यापलेल्या उजाड माळावर, संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देऊ केलेल्या जमिनीत आपल्या कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली. आणि त्याच वर्षी ७ जुलै रोजी पुण्यात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एका ठिकाणी नवे घडवण्याचा विडा उचलला गेला, दुसऱ्या ठिकाणी जुने राखण्याचा. वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी रद्दीच्या भावाने जाणारी, वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी पडलेली, आणि ज्यांच्या वारसांना मोडी अक्षरही लागेनासे झाले होते अशी दफ्तरे गावोगाव हिंडून, प्रसंगी पदरमोड करून आणि प्रसंगी नकार पचवून ज्यांनी गोळा केली, त्या पिढीने महाराष्ट्राच्या मनावर एक खोल संस्कार केला. सनदा आणि तहनामे यांच्याइतकाच एखाद्या कुळकर्ण्याचा जमाखर्च, एखाद्या सावकाराचे खत, एखाद्या देवस्थानाची हिशेबाची वही हाही इतिहासाचा अस्सल पुरावा असतो, ही गोष्ट आज आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणी तरी कष्टाने शिकवली होती याचेही स्मरण राहिलेले नाही.

हा संस्कार कागदापाशी थांबला. ज्या यंत्रांनी विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे शेत भिजवले, धान्य दळले, ऊस गाळला, वर्तमानपत्रे छापली आणि लाकूड चिरले, ती यंत्रे त्यांचे काम सरताच बिडाच्या भावाने, किलोवर तोलून, भंगारवाल्याच्या हवाली झाली आणि पुन्हा भट्टीत वितळली. ज्या काळाची कागदपत्रे आपण जिवापाड जपतो त्या काळाहून हा काळ कितीतरी अलीकडचा. परंतु पेशवाईतील एखाद्या स्वारीचा खर्च आणा-पैपर्यंत सांगू शकणारा महाराष्ट्र आपल्या तालुक्यात विहिरीवर पहिले तेलाचे इंजिन कोणी आणि केव्हा बसवले, हे सहसा सांगू शकत नाही. जुन्या इंजिनांच्या मागे लागलेली जी थोडी माणसे आज पुण्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत आहेत, त्यांचा छंद म्हणूनच प्रस्तुत लेखकाला निव्वळ विरंगुळा वाटत नाही. राजवाड्यांच्या पिढीने कागदासाठी जे केले ते ही माणसे, कोणी सांगितले नसता, लोखंडासाठी करीत आहेत.

❖

हा लेख नारायण पेठेत बसून लिहिला जात आहे, आणि त्या स्थळाचा या विषयाशी संबंध आहे. नारायणराव पेशव्यांच्या नावाने वसलेली आणि एका अंगाने मुठेच्या पात्राला भिडलेली ही पेठ दीर्घकाळ छपाईची पेठ म्हणून नांदली. ४ जानेवारी १८८१ रोजी ज्या 'केसरी'चा पहिला अंक निघाला त्याचे बिऱ्हाड पुढे याच पेठेतील गायकवाड वाड्यात आले आणि वाड्याचे नावही केसरीवाडा होऊन गेले. त्याच्या आगेमागे छापखाने, पुस्तक-बांधणीवाले, कागदाचे व्यापारी आणि प्रकाशक यांची वस्ती वाढत गेली. पायाने चालणाऱ्या ट्रेडलवर लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके निघत. पण आठ किंवा सोळा पानांचा फर्मा एका दाबात छापणारे मोठे सिलिंडर यंत्र पायाच्या बळाने फिरत नसे. वीज घरोघर येण्यापूर्वीच्या काळात अशा यंत्राला दोनच आधार होते: दिवसभर चाक फिरवणारा गडी, नाही तर इंजिन. छताखालून जाणारा लांब दांडा, त्यावर ओळीने बसवलेल्या कप्प्या, प्रत्येक कप्पीवरून खाली यंत्राकडे उतरणारा चामड्याचा पट्टा, आणि या सगळ्या पसाऱ्याला एका टोकाकडून गती देणारे एकटे इंजिन, अशी त्या काळच्या लहानमोठ्या कारखान्यांची सर्वत्र रचना असे. मराठी वाचकाच्या हातात पडलेल्या शब्दामागे लेखकाची लेखणी, जुळाऱ्याचे खिळे आणि शाई यांच्याबरोबर तेलाच्या एका ठिणगीचाही वाटा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे वाङ्मय आणि यंत्र यांच्यात आपण मानलेले अंतर बरेच कमी होते. लक्ष्मणरावांच्या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीहून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघालेले आणि पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठी घराघरांत गेलेले मासिक नांगर आणि पंप घडवणाऱ्या कारखान्याच्या कुशीतच जन्माला आले.

आज पेठेतील खिळे वितळले, ट्रेडल भंगारात गेले, छताखालचे दांडे उतरवले गेले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, त्यात पुष्कळ वाहून गेले हे खरे. परंतु पुराने नेले त्यापेक्षा पुढच्या तीन-चार दशकांत निर्विकारपणे विकून टाकले गेले ते अधिक.

❖

या इंजिनांचे कुळ समजून घेतल्यावाचून त्यांच्याविषयीची आस्था समजणार नाही. वाफेच्या यंत्रात विस्तव बाहेर असतो. भट्टीत कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ दट्ट्या ढकलते. मुंबईत या वाफेचे आगमन फार लवकर झाले. जहाजबांधणीच्या वाडिया घराण्यातील अर्देशीर करसेटजी हे वाफेच्या यंत्रविद्येत इतके निष्णात झाले की १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले, आणि तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. परंतु वाफेला बॉयलर हवा, बॉयलरला परवानाधारक माणूस हवा, पाणी आणि कोळसा यांचा अखंड पुरवठा हवा. कापडाच्या गिरणीला ते परवडत होते, एका पिठाच्या गिरणीला किंवा पाच एकरांच्या मळ्याला नव्हते. म्हणून विस्तवच सिलिंडरच्या आत नेण्याचा प्रयत्न युरोपात सुरू झाला. निकोलाउस ऑटो या जर्मन संशोधकाने १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी केले. इंग्लंडमध्ये हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट याने १८९० साली जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचे पेटंट घेतले आणि १८९२ पासून ग्रँथम येथील हॉर्न्सबीच्या कारखान्यातून ती इंजिने विकली जाऊ लागली. या इंजिनाच्या डोक्याशी बिडाचा एक पोकळ गोळा असे. सुरू करण्यापूर्वी तो दिव्याच्या झोताने काही मिनिटे तापवून लाल करावा लागे, मग त्यात फवारलेले तेल पेट घेई, आणि एकदा इंजिन चालू लागले की स्वतःच्याच उष्णतेने तो गोळा तापलेला राही. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश धाडला तेव्हा कॉर्नवॉलमधील पोल्डू येथील त्याच्या केंद्रात वीज उत्पन्न करणारे इंजिन याच जातीचे होते.

रूडॉल्फ डिझेल याचा विचार याहून मूलगामी होता. १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मलेला आणि म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे या शीतकरणशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेला हा तरुण वाफेच्या यंत्रात इंधनाचा केवढा अपव्यय होतो हे गणिताने जाणून होता. त्याचे म्हणणे असे की बाहेरचा दिवा, ठिणगी, तापलेला गोळा यांपैकी कशाचीच आवश्यकता नाही. हवा पुरेशी दाबली तर ती स्वतःच इतकी तापते की तिच्यात शिरलेले तेल आपोआप जळते. आजच्या साध्या डिझेल इंजिनात हवेचे आकारमान सोळा-सतरा पटींनी घटवले जाते आणि तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, ते याच तत्त्वाने. १८९३ साली त्याने आपला सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यातील त्याच्या पहिल्या यंत्रात स्फोट होऊन मापकयंत्राचे तुकडे उडाले. त्यानंतर साडेतीन वर्षे दुरुस्त्या चालल्या. शेवटी १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांच्या देखरेखीखाली अधिकृत परीक्षा झाली, तेव्हा अडीचशे मिलिमीटर व्यासाच्या आणि चारशे मिलिमीटर धावेच्या त्या एकाच सिलिंडराने मिनिटाला १५४ फेऱ्यांच्या संथ गतीने सुमारे अठरा अश्वशक्ती दिली आणि इंधनातील २६.२ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर केले. त्या काळची चांगली वाफेची यंत्रेही याच्या निम्म्यापर्यंत क्वचितच पोहोचत. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होते. म्हणजे ते पहिले डिझेल इंजिन मिनिटाला ७७ वेळा धडकत होते, निरोगी माणसाची नाडी चालते तसे. ते यंत्र म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये आजही उभे आहे. त्याचा कर्ता मात्र २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' या आगबोटीवरून नाहीसा झाला आणि पुढे त्याचे शवच समुद्रात सापडले.

डिझेलच्या मूळ यंत्राला तेल आत फवारण्यासाठी वेगळा वायुदाबक लागे, म्हणून ते अवजड आणि महाग होते. हवेच्या साहाय्याशिवाय नुसत्या दाबाने तेल फवारणारे पंप सिद्ध झाले आणि १९२७ साली जर्मनीतील बॉश कंपनीने असे पंप मोठ्या संख्येने तयार करण्यास आरंभ केला, तेव्हा कुठे शेतकऱ्याला परवडेल असे लहान डिझेल इंजिन शक्य झाले. लगेचच इंग्लंडातील डर्सली येथील लिस्टर कंपनीने पाच अश्वशक्तीचे आपले सुप्रसिद्ध 'थंड सुरुवातीचे' इंजिन बाजारात आणले, आणि पुढे त्याचीच सहा अश्वशक्तीची, मिनिटाला ६५० फेऱ्यांची आवृत्ती जगभर पसरली. मूळ लिस्टरचे उत्पादन १९८७ साली बंद पडले. परंतु त्याच आराखड्याची इंजिने राजकोटच्या ओतशाळांतून त्यानंतरही निघत राहिली, आणि इंग्लंड-अमेरिकेतील छांदिष्टांनी ती मुद्दाम मागवून घेतली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

❖

महाराष्ट्रात ही विद्या आयात म्हणून आली आणि फार थोड्या काळात येथलीच झाली. मँचेस्टरचे क्रॉसली, स्टॅमफर्डचे ब्लॅकस्टोन, येओव्हिलचे पेटर, लिंकनचे रस्टन अँड हॉर्न्सबी ही नावे वऱ्हाड-खानदेशातील सरकी काढण्याच्या जिनांतून आणि घाटावरच्या पिठाच्या गिरण्यांतून पितळी पाट्यांवर वाचली जात. त्यांच्या शेजारी देशी नावे प्रथम उमटली ती कृष्णाकाठच्या प्रदेशात. साताऱ्याचे धनजीशहा कूपर, ज्यांनी १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानपदही भूषवले, यांच्या कारखान्याचा आरंभ १९२२ चा; नांगरांपासून सुरुवात करून त्या कारखान्याने १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने घडवली, आणि देशी बनावटीच्या आरंभीच्या इंजिनांत त्यांची गणना होते. लक्ष्मणरावांनी बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला होता. कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर आणि मग पंप या क्रमाने त्यांचा व्याप वाढत गेला. लोखंडी फाळाने जमीन नासते अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात असलेल्या काळात त्यांना नांगर विकायचे होते, आणि पहिल्या महायुद्धात बिडाचा तुटवडा पडला तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या निकामी तोफा नांगरांसाठी त्यांना देऊ केल्याची हकीकत कोल्हापूरकडे आजही सांगितली जाते. पुढे त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांनी, मॅसॅच्युसेट्स येथे यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन आल्यावर, १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापिली. चिंचवडला रस्टन अँड हॉर्न्सबीचा भारतीय कारखाना उभा राहिला. नारायण पेठेपासून काही मैलांच्या परिघात हजारो हातांना इंजिन जोडण्याची विद्या अवगत झाली. पुण्याच्या औद्योगिक कौशल्याचा उगम शोधायचा तर तो मोटारीच्या आधी या संथ इंजिनांपाशी शोधावा लागतो.

त्या इंजिनाने खेड्यात जे घडवले त्याची कल्पना आकड्यांतून येते. मोटेची एक खेप म्हणजे सुमारे दीड-दोनशे लिटर पाणी. बैलजोडी धावेवरून खाली जाणार, सोंड पाटात पाणी ओतणार, बैल मागे परतणार, आणि मग दुसरी खेप. पाच अश्वशक्तीचे इंजिन आणि त्याला पट्ट्याने जोडलेला पंप तीस-बत्तीस फुटांच्या उपशावर सेकंदाला पंधरा ते वीस लिटर पाणी देतो, म्हणजे मोटेची एक खेप दहा-बारा सेकंदांत, आणि तीही बैल न थकता, रात्रंदिवस. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या उसाला, नाशिकच्या द्राक्षांना आणि पुरंदर-बारामतीच्या मळ्यांना ज्या पाण्याने हिरवे केले त्यातला मोठा भाग विजेच्या तारा गावात पोहोचण्यापूर्वी या इंजिनांनी उपसला. रात्रीच्या शांततेत कोसभरावरून ऐकू येणाऱ्या आवाजावरून कोणाच्या विहिरीवर पाणी चालू आहे हे गावातली माणसे ओळखीत. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, तारा शिवारात गेल्या, विजेच्या मोटारी स्वस्त झाल्या, आणि इंजिने गोठ्याच्या कडेला, उकिरड्याजवळ, बाभळीखाली सरकली. भारनियमनाच्या वर्षांत त्यांपैकी काही पुन्हा बाहेर आली. बाकीच्यांना भंगाराच्या टेम्पोची वाट धरावी लागली.

❖

या बाभळीखालच्या इंजिनांकडे ज्यांची पावले वळतात ती माणसे नाना प्रकारची आहेत. कोणी खडकी-पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, कोणी वडिलांच्या गिरणीचा आवाज कानांत घेऊन वाढलेला बँकेतला कारकून, कोणी अभियांत्रिकीचा प्राध्यापक, तर कोणी मळ्यातले आजोबांचे इंजिन विकायला नकार दिलेला शेतकरी. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात पितळी तेलाची कुपी, एखादी बनावटीची पाटी किंवा जुन्या इंजिनाचे माहितीपत्रक मिळते का हे ती धुंडाळतात. पाटीवरचा अनुक्रमांक सापडला की त्यांना एखाद्या पत्रावरची मिती सापडल्याचा आनंद होतो. पावसात पडून दट्ट्या सिलिंडरात पकडला गेलेले इंजिन मिळाले तर त्यावर हातोडा घालण्याची घाई त्यांतला जाणकार कधी करीत नाही. डोके उघडून सिलिंडरात रॉकेल आणि वंगण तेल यांचे मिश्रण ओतायचे, ते कित्येक दिवस झिरपू द्यायचे, मग दट्ट्यावर लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके द्यायचे आणि दुसऱ्या माणसाने चाक केसभर पुढे, केसभर मागे हलवत राहायचे. तो केसभर कधी तरी बोटभर होतो, आणि त्या क्षणी मिस्त्रीच्या मुद्रेवर जे समाधान दिसते ते प्रत्यक्षच पाहायला हवे. मग व्हॉल्व्ह घासायचे, बेअरिंगला निळा रंग लावून कुठे घासते ते पाहायचे आणि तेवढेच खरवडायचे, तांब्याचे गास्केट तापवून मऊ करायचे, आणि पंपाचा दांडा हाताने दाबून नोझल कान देऊन तपासायचा: फवारा धुक्यासारखा सुटला आणि नोझल कुरकुरला, तरच तो बसवायचा.

सातारा रस्त्यावरच्या एका गावी असे सहा अश्वशक्तीचे इंजिन सुरू होताना प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. ते चालवणारे मिस्त्री ऐंशीच्या घरातले. त्यांच्या नातवाने पाणी भरले, त्यांनी स्वतः तेलाची पातळी पाहिली, डिझेलचा नळ उघडला, पंपाचा बोल्ट सैल करून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हवा काढली आणि बोल्ट आवळला. मग वरची कळ उचलून त्यांनी कॉम्प्रेशन सोडले, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहून चाक मोकळे फिरू लागले. हँडल नातवाच्या हाती देताना त्यांनी त्याला एकच गोष्ट दोनदा सांगितली: "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव रे बाळा, मुठीत गुंडाळू नकोस, इंजनानं उलटा झटका दिला तर हात सुटला पाहिजे." मणांनी मोजावीत अशी दोन्ही चाके आधी जड, मग हलकी होत फिरू लागली, वेग पुरेसा झाला असे कानाने जोखून आजोबांनी कळ पाडली, आणि एक खोल दणका, मग क्षणभर शांतता, मग दुसरा दणका, आणि नळकांड्यातून निळसर धुराचे एक वर्तुळ वर गेले. गव्हर्नरचे गोळे पसरले, तेल आपोआप कमी झाले, ठोका स्थिर झाला. ते काही वेळ डोळे मिटून ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जरा सैल वाजतोय, पण चालंल."

या यंत्राचे महत्त्व कशात आहे ते त्या वाक्यातून कळते. ज्या यंत्राचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो आणि ज्याचे सारे दुखणे कानाला कळते, असे यंत्र मनुष्याच्या बुद्धीला समोरासमोर भेटते. आजचे इंजिन निःसंशय अधिक कार्यक्षम, अधिक स्वच्छ आणि अधिक शक्तिशाली आहे, आणि जुन्या इंजिनांचा धूर पुन्हा रोजच्या वापरात यावा असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. वर्षातून चार-दोन प्रसंगी, मोकळ्या जागी, तासभर चालवण्यापुरताच हा आग्रह आहे. परंतु आजचे इंजिन झाकणाखाली बंद आहे आणि त्याचा बिघाड संगणक सांगतो. यंत्रविद्येची मूळ अक्षरे, म्हणजे दाब, उष्णता, घर्षण, समतोल, गिरवायची तर ती या संथ, उघड्या आणि प्रामाणिक यंत्रांवरच गिरवता येतात.

❖

पश्चिमेकडे हे ओळखले गेले त्याला काळ लोटला. इंग्लंडमध्ये चेशरमधील पॉइंटन येथील अॅन्सन इंजिन संग्रहालयात जुनी तेलाची आणि वायूची इंजिने चालत्या अवस्थेत ठेवली जातात; अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कूलस्प्रिंग येथे १९८५ पासून याच कार्याला वाहिलेले संग्रहालय आहे; आणि या संस्था मुख्यतः हौशी स्वयंसेवकांच्या श्रमांवर उभ्या आहेत. आपल्याकडे या दिशेने पूर्वपुण्याई नाही असे नाही. १८८८ च्या औद्योगिक प्रदर्शनाच्या उत्साहातून पुण्यात जे लॉर्ड रे यांच्या नावाचे औद्योगिक संग्रहालय १८९० साली निघाले तेच आज घोले रस्त्यावर महात्मा फुले यांच्या नावाने उभे आहे. शुक्रवार पेठेत दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, दौती आणि कुलुपे जमवायला घेतली तेव्हा रोजच्या वापरातली वस्तू संग्रहालयात ठेवण्याजोगी असते हे मानायला थोडेच लोक तयार होते. आज त्यांचा संग्रह राज्याची संपत्ती आहे. कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून मुलांना हातभर लांबीच्या गाड्या चालत्या दाखवते, आणि चालते यंत्र पाहणाऱ्या मुलाच्या प्रश्नांना अंत नसतो हे तेथे कोणीही अनुभवू शकेल.

मग तेलाच्या इंजिनासाठी काय करावे? पहिली गोष्ट पैशाची नसून नोंदीची आहे. ज्याच्या घरी, मळ्यात वा गिरणीत असे इंजिन असेल त्याने ते विकण्यापूर्वी त्याची बनावट, पाटीवरचा क्रमांक, अश्वशक्ती, ते कोणी, कोठून, किती रुपयांना आणले, कोणत्या कामाला जुंपले आणि कोणता मिस्त्री ते दुरुस्त करी, एवढा मजकूर एका कागदावर लिहून काढावा. खरेदीची पावती, माहितीपत्रक, कर्जाचा वा तगाईचा कागद हाती असेल तर तो त्याला जोडावा. अशा हजार नोंदी एकत्र झाल्या तर महाराष्ट्राच्या शेतीचा आणि लघुउद्योगाचा जो इतिहास उभा राहील तो कोणत्याही सरकारी अहवालात नाही. दुसरी गोष्ट मिस्त्रींची. नोझलची कुरकुर ओळखणारे, बेअरिंग हाताने खरवडणारे, आवाजावरून व्हॉल्व्हचा सैलपणा सांगणारे कारागीर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून ठेवण्याला विलंब परवडणारा नाही, कारण इंजिन गंजले तर उघडता येते, हातातली विद्या गेली तर ती कोणत्याही तेलाने सुटत नाही. तिसरी गोष्ट जागेची. ज्या प्रांताने ही यंत्रे देशाला पुरवली तेथे, खडकी, सातारा, किर्लोस्करवाडी यांपैकी कोठेही, प्रत्येक प्रमुख जातीचे एक तरी इंजिन चालत्या स्थितीत राहावे, त्याला पंप, चरक किंवा जाते जोडलेले असावे, आणि ते चालवण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांकडे द्यावे.

हा शेवटचा मुद्दा लेखकाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुनी वस्तू काचेआड ठेवली की तिच्याविषयी आदर वाटतो, पण ती शिकवीत नाही. अठरा वर्षांच्या मुलाने एकदा असे इंजिन शेवटच्या बोल्टपर्यंत खोलले, घासले, पुन्हा जोडले आणि स्वतःच्या हाताने सुरू केले, तर पुढे आयुष्यात त्याच्यासमोर कोणतेही यंत्र आले तरी ते आतून कसे चालत असेल असा विचार करण्याची सवय त्याला लागते. ती सवय महाराष्ट्राच्या एका पिढीला विहिरीच्या काठावर, गिरणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि छापखान्याच्या पट्ट्यांखाली विनामूल्य मिळाली, आणि तिच्या बळावर या प्रांतात कारखाने उभे राहिले. पुढच्या पिढीला ती मिळायची तर शिवारातून टेम्पोत चढणाऱ्या इंजिनांपैकी काही आपण बिडाच्या भावाहून थोडा अधिक भाव देऊन वेळीच उतरवून घेतली पाहिजेत. आणि एका शाळेच्या कार्यशाळेला पुरेल एवढा हा खर्च कोणत्याही तालुक्याच्या आवाक्याबाहेरचा नाही.